नळीची वाट

आमच्या गॅरेजच्या भिंतीवर एका खिळ्याला वीतभर लांबीची तांब्याची नळी टांगलेली आहे. काळी पडलेली, एका टोकाला बारीक चीर गेलेली. नवं गिऱ्हाईक आलं की ती पाहून विचारतं, "हे काय आहे?" धाकटा भाऊ उत्तर देत नाही, पाना शोधायला लागतो. मग मला सांगावं लागतं. मी घोडेगावला मास्तरकी करून निवृत्त झालो. सांगणं माझं आणि करणं त्याचं, अशी आमची लहानपणापासूनची वाटणी आहे.

जुन्नरात एके काळी कागद बनवणाऱ्या कागदींची वस्ती होती. ते धंदे गेले. अब्बांच्या पिढीच्या हाती मोटार आली. नारायणगाव-जुन्नर रस्त्याला पत्र्याची शेड टाकून त्यांनी गॅरेज काढलं. सवारीच्या जीपा हे मुख्य गिऱ्हाईक. जीपच्या चेसिसवरून मागच्या चाकांकडे जाणारा ब्रेकचा पाइप लोखंडी असतो. चिखलपाण्यानं तो गंजायचा. नवा पाइप आणायचा तर पुण्याला नाना पेठेत जावं लागे, दिवस मोडे. मग सगळेच तांब्याची नळी टाकायचे. तांबं हातानं वळतं, गंजत नाही, त्याचं तोंड फुलवायलाही सोपं. पण तांब्याला एक खोड आहे. ते सतत थरथरत राहिलं की हळूहळू कडक होतं, आणि कडक झालं की चिरतं.

1980च्या दशकातली गोष्ट. अब्बांनी टाकलेली अशीच एक नळी पेठ-अवसरीच्या घाटात चिरली. जीप राजगुरुनगरहून मंचरकडे उतरत होती. आत नेहमीप्रमाणे दुप्पट माणसं. त्या जुन्या जीपांना चारही चाकांचं ब्रेक ऑइल एकाच वाटेनं जायचं, एक नळी फुटली की चारही चाकं मोकळी. ड्रायव्हर हुशार होता, त्यानं गाडी दरीकडे न जाऊ देता डोंगराला घातली. जीव कोणाचा गेला नाही, एका बाईचा हात कोपरातून मोडला. अब्बांनी तिच्या दवाखान्याचे पैसे भरले आणि पुढे दोन वर्षं दर महिन्याला तिच्या घरी विचारपूस करायला जात राहिले. त्यांना कोणी दोष दिला नव्हता. सगळेच तांबं टाकतात, असं सगळेच म्हणाले. अब्बांनी ती नळी काढून आणली आणि खिळ्याला टांगली.

आता मूळ गोष्ट. तीन-चार वर्षांपूर्वी रमजानच्या दिवसांत आमच्या दारात एक लाल, बुटकी, दोन सीटांची गाडी येऊन उभी राहिली. गल्लीतली पोरं गोळा झाली. सॅन स्टॉर्म. गोव्यात बनलेली, अंगावर फायबरची बॉडी, आत रेनॉचं बाराशे सीसीच्या आतलं इंजिन, डोक्यावरचं छप्पर काढता येणारं. आपल्याकडे स्पोर्ट्‌स कार म्हणावी अशा ज्या थोड्या गाड्या बनल्या त्यांतली ही एक. ती बनणं केव्हाच थांबलं. मालक पुण्याचा तरुण, ओतूरजवळ त्यानं शेती घेतलेली, बायकोचं माहेर कल्याण. म्हणजे जाणं-येणं माळशेज घाटातून.

त्याची तक्रार एकच होती, पेडल मऊ लागतं. भावानं चाक काढून पाहिलं. कॅलिपरकडे जाणाऱ्या रबरी नळ्यांना भेगा पडल्या होत्या. जोरात ब्रेक दाबला की या नळ्यांत दर चौरस सेंटिमीटरला सत्तर-ऐंशी किलोचा दाब चढतो. गाडीच्या टायरमध्ये असते ती हवा दोन किलोची, यावरून अंदाज करावा. जुनं रबर त्या दाबानं फुगतं, पायाचा जोर नळी फुगवण्यात जातो.

कंपनीची नळी मिळणार नव्हती. मालकाला स्टेनलेस स्टीलची जाळी असलेल्या नळ्याच हव्या होत्या, रेसच्या गाड्यांना असतात तशा. माझ्या पुतण्याला, म्हणजे भावाच्या मुलाला, त्याहून जास्त हव्या होत्या. त्यानं डिप्लोमा केलाय, मोबाइलवर सगळं पाहिलेलं असतं. त्याला वाटत होतं, अशी नळी टाकली की गाडी निम्म्या अंतरात थांबते. भाऊ म्हणाला, "गाडी टायर थांबवतं, नळी नाही. नळी फक्त तुझा पाय तिथपर्यंत पोचवते." एवढं लांब वाक्य तो महिन्यातून एखादंच बोलतो.

तरी जाळीची नळी घ्यायचं ठरलं, कारण मापानं बनवून घेता येणारी तीच होती. नारायणगावात जेसीबी आणि ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिक नळ्या दाबून देणारी दुकानं आहेत. वरून त्याही पोलादी तारेच्याच. पुतण्या म्हणाला, दहा मिनिटांत होईल. भावानं नुसती मान हलवली. त्या नळीच्या आतलं रबर जेसीबीच्या तेलासाठी असतं. ब्रेक ऑइलला आपण ऑइल म्हणतो, पण ते त्या जातीचं तेल नव्हे. ते त्या रबराला फुगवतं, मऊ करतं. ब्रेकची नळी आतून टेफ्लॉनची हवी, वर स्टीलची जाळी आणि जाळीवर प्लास्टिकचं पारदर्शक आवरण. दोन्ही तोंडं यंत्रानं दाबून बसवलेली, आणि दाब देऊन तपासलेली. पुण्याहून तशा नळ्या बनवून आणल्या, जुन्या नळीचं माप आणि आटे दाखवून. आवरण कशाला, असं मी विचारलं. भावानं जाळीचा एक उघडा तुकडा माझ्या हातात दिला आणि खिडकीच्या गजावर घासायला सांगितला. दहा-बारा वेळा घासला, गजाचा रंग जाऊन लोखंड चमकायला लागलं. ही जाळी म्हणजे करवत आहे. जिथं घासेल तिथलं कापते, आणि शेवटी स्वतः तुटते.

इथवर सगळं दुकानात मिळालं. नळी न्यायची कुठून, हे दुकानात मिळत नाही. पुढचं चाक वर-खाली होतं, डावी-उजवीकडे वळतं, आणि या सगळ्यात नळीचं एक टोक बॉडीला तर दुसरं चाकाला बांधलेलं. लहान पडली तर ताणते, मोठी झाली तर लोंबते, पीळ बसला तर दाब येताच उलगडू पाहते आणि तोंडाशी जोर येतो. भाऊ नळीवर मार्करनं सरळ रेघ ओढतो. नळी बसवल्यावर रेघ नागमोडी गेली की पीळ आहे, सोडा आणि पुन्हा बसवा. बॅन्जो बोल्टच्या दोन्ही बाजूंना तांब्याच्या चकत्या लागतात, दर वेळी नव्या. तिथं तांबंच हवं, मऊ असल्यामुळे दाबून बसतं आणि गळू देत नाही.

नव्या नळीला मध्ये पकडायची कडी नव्हती. पुतण्यानं ती शॉकअबला प्लास्टिकच्या पट्टीनं बांधली. गाडी घोड्यांवर, चाकं अधांतरी. मी आत बसलो होतो, स्टेअरिंग फिरवायला. पुतण्या खाली वाकून नळी बघत होता. इफ्तारला वीस मिनिटं उरली होती. स्टेअरिंग डावीकडे फिरवलं, जड लागलं, मी थांबलो.

"भाई, पूर्ण फिरवलं का?" भावानं पलीकडून विचारलं. तो एअर काढायच्या तयारीत होता.

मी म्हणालो, "हो."

खरं म्हणजे शेवटाला गेलं की स्टेअरिंग टक् करून अडतं. ते टक् मी ऐकलं नव्हतं. ऐकायला थांबलोच नव्हतो. एअर काढली, पेडल दगडासारखं झालं, मालक खुश होऊन ओतूरला गेला. पहाटे त्याला माळशेज उतरायचा होता.

रात्री तरावीह करून आम्ही परतत होतो. भाऊ मध्येच थांबला. "भाई, शेवटाला टक् झालं होतं का?"

मी काही बोललो नाही. त्यानं माझ्याकडे पाहिलंही नाही. खिशातून फोन काढला आणि मालकाला लावला. साडेदहा वाजले होते. पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता, वैतागलेला. भाऊ एवढंच म्हणत राहिला, "घाट उतरू नका. सकाळी इकडे या. सावकाश या." कारण सांगितलं नाही. माझं नाव घेतलं नाही.

सहरी करून आम्ही दोघंही फजरनंतर गॅरेजात जाऊन बसलो. गाडी सात वाजता आली. भावानं चाक काढलं. डाव्या नळीवरचं प्लास्टिक बोटभर लांबीत घासून निघालं होतं, खालची तार उघडी पडून चमकत होती. चाक अधांतरी असताना तिथं जागा होती. गाडी जमिनीवर आली, चाक वर दाबलं गेलं, स्टेअरिंग शेवटपर्यंत वळलं की नळी रिमला टेकत होती. नारायणगाव ते ओतूर आणि परत, एवढ्यातच हे झालं. माळशेजचं प्रत्येक वळण मला आठवायला लागलं.

मालक नळीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "चूक कोणाची?" पुतण्याचा चेहरा उतरला. मी म्हणालो, "माझी." भाऊ तेव्हा पाना शोधत होता.

नळी पुन्हा बनवून घेतली, या वेळी मध्ये कडी बसवलेली. भावानं शॉकअबभोवती बसणारा पट्टीचा क्लॅम्प वाकवून केला, वेल्डिंग मारलं नाही, शॉकअबच्या नळकांड्याला आच लागू द्यायची नसते. मग चाकाच्या आर्मखाली जॅक लावून चाक वर दाबलं, बॉडी उचलायला लागेपर्यंत, आणि तशा स्थितीत मला स्टेअरिंग फिरवायला लावलं. नंतर गाडी जमिनीवर उतरवून, मालकाला शेजारी बसवून, पुन्हा. आणखी वजन हवं होतं, पण फायबरच्या बोनेटवर कोणाला बसवता येईना. मी डावीकडे फिरवलं, टक्. उजवीकडे, टक्. "बडे अब्बा, अजून एकदा," पुतण्या खालून ओरडला. त्या दिवशी मी ते स्टेअरिंग बहुधा तीस वेळा फिरवलं असेल, रोजा ठेवून.

या कामाला दोन दिवस गेले. मालक तेवढ्यात एस.टी.नं कल्याणला जाऊन आला. दुसऱ्या नळीचे आणि दुसऱ्या मजुरीचे पैसे भावानं बिलात धरले नाहीत. मी माझ्या पेन्शनमधून देऊ केले, तेही घेतले नाहीत. गाडी अजून येते, वर्षातून एकदा ब्रेक ऑइल बदलायला. ते हवेतलं पाणी शोषतं आणि पाणी आलं की घाटात तापल्यावर उकळतं, हे मालकाला आता पाठ आहे.

घासलेली नळी भाऊ खिळ्याला टांगेल असं मला वाटलं होतं. त्यानं ती पुसली आणि माझ्या हातात दिली. माझ्या लिहायच्या टेबलाच्या खणात आहे. तुटलेली तार बोटाला टोचते म्हणून कागदात गुंडाळून ठेवली आहे.