पुन्हा प्रयत्न करा

गेल्या वर्षी आडसाली लागणीसाठी अण्णांनी उसाची पाच हजार रोपं मागवली आणि टेम्पो दहा हजार घेऊन दारात आला. ज्या वेबसाइटवरून मागवली ती आमच्याच कंपनीने बनवलेली, आणि नोंदणीचं पान मी स्वतः लिहिलेलं. अण्णांचा फोन आला तेव्हा माझं पहिलं वाक्य होतं, "अण्णा, तुम्ही बटण दोनदा दाबलं असणार."

"दाबलं," एवढंच म्हणून त्यांनी फोन ठेवला.

पाटण तालुक्यातलं आमचं गाव डोंगराच्या पोटात आहे. घरात रेंज येत नाही, ओसरीच्या पायरीवर कधी एक काडी येते, कधी तीही जाते. हे मला माहीत होतं, म्हणूनच मी पान संथ नेटवर तपासलं होतं. क्रोमच्या डेव्हलपर टूल्समध्ये नेटवर्कच्या टॅबवर थ्रॉटलिंगची सोय असते. त्यातला 'स्लो थ्रीजी' हा पर्याय निवडला (नव्या क्रोममध्ये त्यालाच नुसतं 'थ्रीजी' म्हणतात) की ब्राउझर डाउनलोडचा वेग सेकंदाला साधारण 400 किलोबिटवर आणतो आणि प्रत्येक मागणीच्या उत्तराला दोन सेकंद उशीर लावतो. 'ऑफलाइन'ही करून पाहिलं होतं. दोन्हीकडे पान व्यवस्थित चाललं होतं.

टेम्पोनंतर पुन्हा तेच केलं. पुन्हा एकच नोंद. आधी वाटलं, थ्रॉटलिंगच लागू होत नसेल. असं होतं कधी कधी. टूल्सची खिडकी बंद केली की वेग पूर्ववत होतो. मध्ये सर्व्हिस वर्कर असेल, तर त्याने केलेल्या मागण्यांना पानावर लावलेला वेग लागू होईलच असं नाही. म्हणून ॲप्लिकेशनच्या टॅबमध्ये 'बायपास फॉर नेटवर्क'वर खूण केली, कॅशे बंद केली. पान खरोखर रडतखडत उघडायला लागलं. तरी नोंद एकच.

शेवटी शनिवारी स्वारगेटहून एसटी पकडून घरी गेलो. अण्णांचा फोन केबलने लॅपटॉपला जोडला, त्याच्या ब्राउझरमधली हालचाल माझ्या स्क्रीनवर दिसेल अशी व्यवस्था केली आणि दोघं पायरीवर बसलो. अण्णांनी चाचणीची नोंदणी केली. चक्र फिरत राहिलं. दहा सेकंद झाले आणि पानावर लाल अक्षरं आली: 'काहीतरी चुकले. पुन्हा प्रयत्न करा.'

अण्णांनी पुन्हा बटण दाबलं. सर्व्हरवर नोंदी दोन.

दहा सेकंद वाट पाहायची मर्यादा मी घातली होती. ती लाल ओळही माझीच. पहिली मागणी पोचली होती, नोंदही झाली होती, फक्त उत्तर परत येताना अडकलं होतं. माझ्या 'स्लो थ्रीजी'त उत्तर तीन-चार सेकंदांत यायचंच, आणि 'ऑफलाइन'मध्ये मागणी मुळात निघायचीच नाही. पत्र पोचलं पण पोच आली नाही, ही मधली अवस्था मी तपासलीच नव्हती. टूल्समधलं थ्रॉटलिंग प्रत्येक मागणीला सारखंच थांबवतं. आमच्या पायरीवरची रेंज असं मोजून मापून वागत नाही.

तिथेच बसून मी स्वतःचं थ्रॉटलिंग प्रोफाइल बनवलं आणि लेटन्सीत 12000 मिलिसेकंद टाकले. पहिल्याच फटक्यात दोन नोंदी. ज्यासाठी पुण्यात आठवडा घालवला ते एका आकड्यात सापडलं.

दुरुस्ती छोटीच होती. आता फॉर्म उघडताच त्याला एक स्वतंत्र क्रमांक मिळतो. तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर सर्व्हर नवी नोंद करत नाही, जुनंच उत्तर परत पाठवतो. ती लाल ओळही बदलली. आता तिथे लिहिलंय: 'उत्तर आलेले नाही. नोंद झाली आहे का ते तपासत आहोत.'

जास्तीची पाच हजार रोपं अण्णांनी गावात उधारीवर वाटून टाकली होती. त्यातले काही पैसे अजून यायचे आहेत. याबद्दल ते मला एक शब्दही बोलले नव्हते.

"त्या दिवशी फोनवर सांगायचं ना, त्यावरच तसं लिहून आलं होतं म्हणून," मी म्हणालो.

"मला वाटलं, तुझंच पान आहे, तुला ठाऊक असंल," अण्णा म्हणाले, आणि केबल काढून फोन खिशात टाकून रानात गेले.