माकडा!

मराठी घरात वाढलेल्या मुलाला कोणी ना कोणी ‘माकडा’ म्हटलेलं असतंच. मी पेरूच्या झाडावर चढलो की आजी खालून ओरडायची, ‘माकडा, हात-पाय मोडून घेशील!’ आणि वर्गात पहिला आलो तेव्हाही शेजारणीला तिनं हेच सांगितलं, ‘बघा आमचं माकड!’ रागाला आणि मायेला शब्द एकच, कुठला कधी ते सुरावरून ओळखायचं. आमचं गाव कराडच्या बाजूचं. समर्थ रामदासांच्या अकरा मारुतींपैकी कितीतरी याच टापूत आहेत: चाफळ, उंब्रज, मसूर, शहापूर. शनिवारी रुईच्या पानांची माळ घेऊन मारुतीला जायचं आणि कौलं फोडणाऱ्या वानरांना परत येताना हुसकायचं, यात आम्हाला काही विसंगत वाटत नसे. धाराशिव जिल्ह्यातल्या उपळा गावात तर 32 एकर जमीन सरकारदप्तरी माकडांच्या नावावर आहे. अशा मुलखात वाढलेल्या मुलाच्या कानाला या शब्दातलं विष जाणवायचं काही कारणच नव्हतं.

ते जाणवलं ऑक्टोबर 2007 मध्ये. ऑस्ट्रेलियाचा क्रिकेट संघ भारतात होता. आधी वडोदऱ्यात आणि मग 17 तारखेला आपल्या वानखेडेवर अँड्र्यू सायमंड्सच्या दिशेनं प्रेक्षकांतून माकडाचे आवाज झाले. हातवारे करणाऱ्या प्रेक्षकांचं छायाचित्रही छापून आलं. त्या दिवाळीत घरी हाच विषय निघाला. काका म्हणाले, ‘अरे, आपण मारुतीपुढे हात जोडणारी माणसं. आपल्यात माकड ही शिवी आहे का?’ तेव्हा पुष्कळ लोक असंच बोलत होते, आणि ऐकायला ते खरंही वाटायचं. मी विचारलं, ‘मग गोऱ्या पॉन्टिंगला का नाही कुणी म्हटलं?’ काका म्हणाले, ‘सायमंड्सचा अवतार बघितलास का? ओठांना पांढरं फासलेलं, केसांच्या जटा...’

म्हणजे मारुतीचा काही संबंध नव्हता, संबंध होता अवताराचा. सायमंड्स बर्मिंगहॅममध्ये जन्मला, त्याच्या रक्तात कॅरिबियन वंश होता, आणि तो त्याच्या चेहऱ्यावर दिसत होता. वानखेडेवरच्या त्या प्रेक्षकांना नेमकं कुणाला काय म्हणायचं हे पक्कं ठाऊक होतं. हा शब्द त्यांनी आजीकडून घेतलाच नव्हता. तो युरोपातल्या फुटबॉलच्या मैदानांवरून आला होता. तिथं काळ्या खेळाडूंवर केळी फेकतात.

जानेवारी 2008 मध्ये सिडनी कसोटीत हरभजन सिंगनं सायमंड्सला ‘मंकी’ म्हटल्याचा आरोप झाला. सामनाधिकारी माइक प्रॉक्टर यांनी त्याच्यावर तीन कसोटींची बंदी घातली. अॅडलेडला अपील न्यूझीलंडचे न्यायमूर्ती जॉन हॅन्सन यांच्यापुढे चाललं. मैदानावर तो प्रकार घडला तेव्हा समोरच्या टोकाला फलंदाजी करणारा सचिन तेंडुलकर साक्षीला होता. भारताची बाजू अशी, की तो शब्द ‘मंकी’ नव्हताच, ती आईवरची हिंदी शिवी होती आणि ‘माँ की’चा उच्चार तसा ऐकू गेला. वंशद्वेषाचा आरोप सिद्ध झाला नाही. शिवीगाळीबद्दल दंड होऊन प्रकरण मिटलं. मला त्यात आजही अस्वस्थ करते ती आणखी एक गोष्ट. त्याच कसोटीत ऑस्ट्रेलियाच्या ब्रॅड हॉगनं आपल्या खेळाडूंना ‘बास्टर्ड’ म्हटल्याची तक्रार आपण केली होती, ती नंतर मागे घेतली. ऑस्ट्रेलियात हा शब्द मित्रालाही हसत म्हणतात. आपल्याकडे तो जन्मावर, आईवर जातो. एकाच मैदानावर दोन शब्द, आणि प्रत्येकाला फक्त स्वतःला झालेल्या जखमेची खोली कळत होती.

त्या वर्षी मी ओटा बेंगाबद्दल वाचलं. काँगोतल्या म्बुटी जमातीचा हा तरुण 1906 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात, माकडांच्या विभागात, ओरांगउटानसोबत पिंजऱ्यात लोकांना दाखवण्यासाठी ठेवला होता. बघायला झुंबड उडायची. शहरातल्या कृष्णवर्णीय पाद्र्यांनी आवाज उठवला तेव्हा तो प्रकार थांबला. दहा वर्षांनी ओटा बेंगानं स्वतःला गोळी घालून घेतली. त्याच्याही आधीपासून अमेरिकेत आणि युरोपात विद्वान म्हणवणारी माणसं कवट्यांची मापं काढून काळ्या माणसाला वानराजवळ बसवत होती, आणि गुलामगिरीला त्याचा मोठा आधार होता. हे वाचल्यावर ‘आमच्या मनात तसं काही नव्हतं’ हे उत्तर मला पुरेनासं झालं. बोलणाऱ्याच्या मनात काय होतं हे एकट्या बोलणाऱ्याला माहीत. ऐकणाऱ्यासमोर तो पिंजरा असतो.

सगळ्याच ऐकणाऱ्यांसमोर असतो असंही नाही. 2018 मध्ये एच अँड एम कंपनीच्या जाहिरातीत एका काळ्या मुलाच्या अंगात जी हुडी होती, तिच्यावर ‘जंगलातलं सगळ्यात भारी माकड’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ होती. जगभर संताप उसळला, दक्षिण आफ्रिकेत दुकानांची मोडतोड झाली. मुलाच्या आईनं मात्र यात आपल्याला काही वावगं वाटत नाही असं सांगितलं. तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही, आणि संतापलेल्यांचंही चुकलं असं मला म्हणवत नाही.

जानेवारी 2021 मध्ये पुन्हा सिडनीच. मोहम्मद सिराजनं सीमारेषेवरून येऊन प्रेक्षकांबद्दल तक्रार केली, खेळ थांबला, आणि बातम्यांत तोच ‘मंकी’ आला. काकांचा लगेच फोन, ‘बघितलंस? काय समजतात हे लोक आपल्या पोरांना!’ त्यांचा आवाज कापत होता. मारुतीचं नाव त्यांनी काढलं नाही.

आता आम्ही पुण्यात, कोंढव्याला राहतो. आई आमच्याकडेच असते. सोसायटीतली पोरं संध्याकाळी खाली खेळतात. आजीची गादी आता तिच्याकडे आहे, त्यामुळे सगळी पोरं तिची माकडं. त्यांत एक सुदानी मुलगा आहे. त्याचे वडील इथं पीएच.डी. करतात. एकदा आईनं त्याला जिन्याच्या कठड्यावरून उतरवताना हाक मारली, ‘माकडा, उतर खाली!’ तिथं उभी असलेली कॉलेजातली एक मुलगी चपापली आणि संध्याकाळी मला येऊन म्हणाली, ‘आजींना सांगा ना.’ सेक्रेटरींचं म्हणणं, ‘कशाला उगीच? त्यांच्या मनात काही नाही.’ मी आईला ओटा बेंगाची गोष्ट सांगितली. तिनं सगळी ऐकून घेतली आणि एकच विचारलं, ‘माणसाला पिंजऱ्यात?’ त्यानंतर त्या मुलाला ती फक्त नावानं हाक मारू लागली.

पण बाकीची पोरं माकडंच राहिली. आणि पाच वर्षांचा तो पोरगा, आमच्याच पोरांत मराठी शिकलेला, एक दिवस तिच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभा राहिला, ‘आजी, मला का नाही म्हणत माकडा?’

आईला उत्तर सुचेना. ती त्याला घेऊन तडक त्याच्या घरी गेली आणि त्याच्या आईला आपल्या मोडक्या हिंदीत सगळं विचारलं, त्या पिंजऱ्यासकट. ती बाई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘आजी, आप बोलो. स्कूल में कोई बोलेगा तो पहले मेरे को बताना, मैं जाएगी वहाँ.’