प्रवासवर्णन कोणत्या प्रतीतून वाचावे

प्रवासवर्णनावर वाचक आपसांत बोलू लागले की चर्चा बहुधा दोन प्रश्नांभोवती फिरते. तिकडे आता तसे काही उरले आहे का, आणि लेखकाने लिहिले ते सगळे खरे का? पहिला प्रश्न अलीकडे फार बळावला आहे. कोणत्याही शहराची माहिती फोनवर मिळत असताना १९६० सालची 'अपूर्वाई' कशाला वाचायची, असे चांगली वाचणारी माणसेही विचारतात. प्रवासवर्णन म्हणजे प्रवाशांसाठीची माहितीपुस्तिका, हा यामागचा गैरसमज जुना आहे आणि विलक्षण चिवट आहे. पु. ल. देशपांडे यांच्या पुस्तकात विलायत जेवढी आहे, तेवढाच तिथे गेलेला १९५०च्या दशकातला मराठी मध्यमवर्ग आहे. तो आता दुसरीकडे कुठे भेटणार? अनंत काणेकरांच्या 'धुक्यातून लाल ताऱ्याकडे' या १९४०च्या पुस्तकाची गोष्ट याहून पुढची. त्यातला सोव्हिएत संघ हा देशच १९९१ साली नाहीसा झाला. त्या देशाकडे आशेने पाहणारी एक पिढी मात्र पुस्तकात शाबूत आहे. पंडिता रमाबाईंचे अमेरिकेवरचे पुस्तक १८८९चे. त्यातले आकडे कधीच जुने झाले, पण तिथल्या स्त्रियांच्या संघटना आणि शाळा पाहताना एका भारतीय विधवेला काय महत्त्वाचे वाटले, याला दुसरा पुरावा नाही.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. त्याचे उत्तर देण्याआधी वाचकाच्या हातात नेमके कोणाचे लेखन आहे, हे ठरवावे लागते, आणि नेमके तेच कोणी तपासत नाही. विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास' हे याचे सर्वांत ठळक उदाहरण आहे. वरसईचे हे भिक्षुक ब्राह्मण घरच्या कर्जाला कंटाळून, मथुरेत बायजाबाई शिंदे यज्ञ करणार आहेत आणि दक्षिणा चांगली मिळेल असे ऐकून, १८५७ साली चुलत्याबरोबर उत्तरेकडे निघाले. वाटेत बंड पेटले. झाशीला वेढा पडला तेव्हा ते शहरातच होते. शहर पडल्यावर झालेली लूट आणि कत्तल त्यांनी पाहिली, स्वतः लुटले गेले, आणि अखेर आईवडिलांना स्नान घालण्यासाठी गंगेची कावड घेऊन घरी परतले.

ही हकीकत त्यांनी लगेच लिहिली नाही. सुमारे पंचवीस वर्षांनी, चिंतामणराव वैद्य यांच्या सांगण्यावरून त्यांनी ती मोडीत लिहून काढली. वैद्यांनी ती १९०७ साली छापली, पण जशीच्या तशी नव्हे. भाषा नीटनेटकी केली, काही मजकूर गाळला, काही फिरवला. मूळ हस्तलिखित पुढे पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाकडे आले आणि दत्तो वामन पोतदारांनी मूळ संहिता १९६६ साली प्रसिद्ध केली. म्हणजे जवळजवळ साठ वर्षे महाराष्ट्राने गोडसे भटजी म्हणून जे वाचले, त्यात वैद्यांचा हात मिसळलेला होता. अमृतलाल नागरांचे हिंदी भाषांतर १९६६च्या आधीचे असल्याने हिंदी वाचकांपर्यंतही तोच पाठ गेला.

वैद्यांना यासाठी धारेवर धरणे बरोबर नाही. राजवट इंग्रजांची होती, आणि गोडसे स्वतःही छपाईच्या बाबतीत धास्तावलेले होते. वैद्य नसते तर पुस्तकच नसते. पण वैद्यांची सुघड वाक्ये पुढे ठेवून 'भटजींची शैली किती प्रवाही' असे म्हणणे हा भटजींवर अन्याय आहे. मूळ लेखन लांबत जाते, अडखळते, हिशेबात रमते. दक्षिणा किती मिळाली, शिधा काय मिळाला, हे बारकावे त्यात आहेत, कारण माणूस त्यासाठीच घराबाहेर पडला होता. बहुतेक वाचक राणी लक्ष्मीबाईंची पाने तेवढी शोधतात आणि हे हिशेब ओलांडून जातात. खरे तर साक्षीदार किती विश्वासार्ह आहे, याची परीक्षा अशाच पानांवर होते. ऐकीव गोष्ट सांगताना गोडसेही भरकटतात. डोळ्यांदेखतचे सांगताना त्यांचा तपशील घट्ट असतो. हा फरक मूळ पाठातच नीट जाणवतो.

यासाठी पुस्तकाची पहिली चार पाने पाहावी लागतात: संपादकाचे नाव, आवृत्ती, प्रस्तावना. वाचनालयाच्या जुन्या प्रतीत नेमकी हीच पाने नसतात. शिवण सुटलेली प्रत बाइंडिंगला जाते, फाटके मुखपृष्ठ निघते, जाड पुठ्ठा चढतो, कण्यावर दाखल क्रमांक लागतो, आणि हातात कोणता पाठ आहे ते कळण्याची सोय संपते. दाखल नोंदवहीत संपादक आणि साल लिहिले असेल तर ठीक. पुष्कळदा नुसते नाव आणि किंमत असते.

हातातले लेखन नेमके कोणाचे, हा प्रश्न सोलापूरकरांना घरचा आहे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म इथला, १९१०चा. काँग्रेसने पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून ते १९३८ साली चीनला गेले, पुढे चिनी कम्युनिस्टांच्या आठव्या मार्ग सेनेबरोबर राहिले, तिथेच लग्न केले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथेच वारले. एवढा मोठा प्रवास करणाऱ्या या माणसाने प्रवासवर्णन लिहिले नाही. त्यांच्यावरचे गाजलेले पुस्तक १९४४ साली ख्वाजा अहमद अब्बास यांनी इंग्रजीत लिहिले, आणि अब्बास त्या पथकात नव्हते. १९४६ साली व्ही. शांताराम यांचा चित्रपट आला, त्यात शांताराम स्वतः कोटणीस झाले, आणि लोकांच्या मनात बसला तो हाच कोटणीस. आजही कोटणिसांच्या चीनवर बोलणाऱ्यांच्या तोंडी पडद्यावरचे प्रसंग आधी येतात. त्यांनी घरी धाडलेली पत्रे आणि सहकारी डॉक्टर बी. के. बसू यांचे लेखन ही प्रत्यक्ष तिथून आलेली साधने. चर्चेला बसताना ती समोर असली पाहिजेत. अब्बास आणि शांताराम त्यानंतर.