चलनामागची यादी

२०२२ मध्ये मी चाकण एमआयडीसीत, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात एचआर मॅनेजर म्हणून रुजू झाले. पॅकिंग, लोडिंग आणि साफसफाईचं काम ठेकेदाराकडे होतं. त्याचे कामगार बहुतेक मराठवाड्यातले, काही बिहारचे. ठेकेदार दर महिन्याच्या बिलाला पीएफचं चलन जोडायचा. जुन्या फाइल्स नीट लावलेल्या होत्या. बोट ठेवावं असं काही दिसत नव्हतं.

एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत पॅकिंगमधले एक काका माझ्याकडे आले. परभणीकडचे. बायकोच्या ऑपरेशनसाठी त्यांना पीएफमधून ॲडव्हान्स काढायचा होता. ते मोबाइलच्या दुकानात गेले, तर आधार जुळत नाही म्हणून अर्ज पुढे जाईना. दुकानदाराने पासबुक उघडून दाखवलं.

"मॅडम, पगारातनं तर दर महिन्याला कापत्यात. मग हितं मागल्या वर्षापासनं काहीच कसं नाही?"

पगाराच्या स्लिपा त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आणल्या होत्या. प्रत्येक स्लिपवर कपात होती. मी त्यांच्या मोबाइलवर पुन्हा पासबुक पाहिलं. सप्टेंबर २०२१ पासून एकही नोंद नव्हती.

चलनावर एकूण रक्कम आणि एकूण सदस्य एवढंच असतं. कोणाच्या नावावर किती पैसे गेले ते ईसीआर या मासिक विवरणात कळतं. त्यात प्रत्येक कामगाराचा यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक), नाव, पगार आणि वर्गणी ओळीने येते. आमच्या फाइलमध्ये ईसीआर नव्हताच. शिवाय ते चलन ठेकेदाराच्या सगळ्या साइट्सचं मिळून एकच होतं. आकडा मोठा दिसायचा, त्यात आमच्याकडची माणसं किती ते समजायला मार्ग नव्हता.

मी ईसीआर मागितला. ठेकेदार आज देतो, उद्या देतो करत राहिला. कधी पोर्टल बंद, कधी कन्सल्टंट गावाला. अकाउंट्सला सांगून त्याचं बिल थांबवलं, तेव्हा यादी आली. गेटवरच्या हजेरीशी एकेक नाव ताडून पाहिलं. बरीच नावं गायब होती.

कारण नंतर कळलं. सप्टेंबर २०२१ पासून यूएएनला आधार जोडलेला नसेल, तर त्या कामगाराचा ईसीआर भरता येत नाही. कोणाच्या आधारवर वडिलांचं नाव मध्ये, यूएएनवर नाही. कोणाची जन्मतारीख वेगळी. ते दुरुस्त करून घ्यायचं सोडून ठेकेदाराने नावंच गाळली. कपात मात्र चालू ठेवली.

आमच्या वकिलांनी सांगितलं, की ठेकेदाराच्या कामगारांच्या पीएफची जबाबदारी शेवटी प्रिन्सिपल एम्प्लॉयरवर, म्हणजे आमच्या कंपनीवर येते. १९५२ च्या पीएफ कायद्याच्या कलम ८अ प्रमाणे ती रक्कम ठेकेदाराकडून वसूल करता येते, पण पीएफ कार्यालयाला उत्तर आपणच द्यायचं. त्याच कायद्याच्या कलम ७अ ची चौकशी लागली असती, तर थकबाकीवर वर्षाला १२ टक्के व्याज आणि कलम १४बीखाली दंड वेगळा.

मला धास्ती दुसऱ्याच गोष्टीची होती. कामगार नोकरीत असताना दगावला, तर ईडीएलआय या पीएफसोबतच्या योजनेतून घरच्यांना ७ लाखांपर्यंत विमा मिळतो, बायकोला पेन्शन मिळते. ज्याची वर्गणीच जमा होत नाही, त्याच्या बायकोने हे कोणाकडे मागायचं? काकांसमोर हे बोलायचा मला धीर झाला नाही.

आधी थकबाकी, मग बिल, असं ठेकेदाराला लेखी कळवलं. कँटीनमध्ये शिफ्ट सुटायच्या वेळेला एक टेबल मांडलं. तिथे प्रत्येकाचं आधार आणि यूएएन समोरासमोर ठेवून तपासलं. जिथे फरक होता तिथे दुरुस्तीसाठी जॉइंट डिक्लरेशन भरून घेतलं. कोणाला गावाकडून शाळेचा दाखला मागवावा लागला. हे काम किचकट आहे आणि त्याला महिने लागतात. पण जसजशी नावं जुळली, तसतसा ठेकेदाराला मागच्या महिन्यांचा भरणा व्याजासकट करावा लागला.

काकांच्या पासबुकात शेवटी सगळे महिने आले. पण ऑपरेशन त्याआधीच झालं होतं. त्यासाठी त्यांनी गावात व्याजाने पैसे उचलले होते. ते व्याज त्यांना कोणी भरून दिलं नाही.

ठेक्याच्या नूतनीकरणात आम्ही अटी घातल्या. आमच्या साइटचा ईसीआर वेगळा काढून द्यायचा. हजेरीशी नावं जुळल्याशिवाय बिल पास होणार नाही. नव्या माणसाचं आधार आणि यूएएन जुळल्यावरच गेटपास. ईपीएफओच्या संकेतस्थळावर ठेकेदाराच्या आस्थापनेचा कोड टाकला की महिनावार भरणा दिसतो, तोही आम्ही पाहतो. शिवाय दर महिन्याला चार-पाच कामगारांना त्यांच्याच मोबाइलवर पासबुक उघडायला सांगतो. सगळ्यात लवकर खरं तिथे कळतं.

पगाराचंही तसंच. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात ठेकेदाराने पगार थकवला तर तो मूळ मालकाने, म्हणजे प्रिन्सिपल एम्प्लॉयरने द्यायचा होता. नव्या श्रमसंहितेतही ते तसंच आहे. त्यामुळे "तो ठेकेदाराचा माणूस आहे" हे उत्तर तेव्हाही चालत नव्हतं, आताही चालणार नाही. एचआरमध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे: या महिन्याच्या बिलावर सही करण्याआधी ठेकेदाराकडून ईसीआर मागा आणि हजेरी शेजारी ठेवून नावं वाचा.