पाया कसला आहे हो?

सॅम्पल फ्लॅट बघून मी पाघळलेच होते. घाटकोपर पूर्व, खाडीची बाजू, तेरावा मजला, हिवाळ्यात बाल्कनीतून फ्लेमिंगो दिसतील म्हणे! नवऱ्याने टोकनच्या चेकसाठी पेनही काढलं. तेवढ्यात आमच्या मामांनी सेल्सवाल्या मुलीला विचारलं, "पाया कसला आहे हो?"

तिने हसून मॉड्युलर किचनचं ब्रोशर पुढे केलं.

मामांची हयात बांधकामांवर सुपरवायझरी करण्यात गेली. परतताना रिक्षातच क्लास सुरू झाला. "अंधेरीचा गिल्बर्ट हिल पाहिलायस ना? तसला काळा कातळ मुंबईच्या पोटात आहे. कुठे हाताशी, कुठे खूप खोल." हाताशी असेल तर प्रत्येक कॉलमखाली स्वतंत्र फूटिंग पुरतं. जमीन जरा मऊ असेल तर अख्ख्या इमारतीखाली काँक्रीटची एकच जाड लादी, म्हणजे राफ्ट. आणि खाडीकाठचा चिखल असेल तर पाईल, म्हणजे चिखलातून पार खडकापर्यंत उतरवलेले काँक्रीटचे खांब.

"म्हणजे पाईल बेस्ट?"

"चप्पल बेस्ट की गमबूट? रस्ता कसला आहे ते बघ की!"

रस्ता कळतो माती परीक्षणाच्या रिपोर्टमधून. प्लॉटवर बोअर घेऊन किती मीटरवर काय लागलं, ते त्यात असतं. तो मागायचा, आणि पाया त्याला धरूनच आहे ना, हे आपल्या ओळखीच्या स्ट्रक्चरल इंजिनीअरला विचारायचं. ताबा मिळाल्यापासून 5 वर्षांत बांधकामात दोष निघाला तर रेरा कायद्याने बिल्डरला तो फुकट दुरुस्त करून द्यावा लागतो. पण पाईल कोण बदलून देणार?

मग मुलुंडचा रीसेल फ्लॅट घेऊया, मी म्हटलं. मामा गप्प झाले. 25 जुलै 2017 ला घाटकोपरला एलबीएस मार्गाजवळची सिद्धी-साई इमारत कोसळली, 17 माणसं गेली. तळमजल्यावर नूतनीकरण चाललं होतं, खांबांना हात लावल्याचा आरोप झाला. पाया कितीही भक्कम असो, वरचा खांबच कापला तर काय? म्हणून जुन्या इमारतीत आधी तळमजल्यावर चक्कर मारायची, आणि 30 वर्षं झाली असतील तर सोसायटीकडे स्ट्रक्चरल ऑडिट मागायचं. (आम्ही मुलुंडला फक्त बाथरूमच्या टाइल्स बघून आलो होतो.)

माती परीक्षणाचा रिपोर्ट मेलवर मागितला. तीन दिवसांनी उत्तर आलं. अटॅचमेंटमध्ये स्विमिंग पूलचे चार फोटो!

चेक अजून नवऱ्याच्या बॅगेतच आहे. मामा रोज सकाळी फोन करतात, "आला का गं रिपोर्ट?"