बर्जिल्लयाची ऐंशी वर्षे

माणसाचे आयुष्य बायबलमध्ये किती सांगितले आहे, असे विचारले की बहुधा एकच उत्तर मिळते: सत्तर वर्षे, आणि अंगात बळ असेल तर ऐंशी. हे उत्तर स्तोत्रसंहितेतील नव्वदाव्या स्तोत्रातले. साहित्याच्या अभ्यासकाने मात्र तेवढ्यावर थांबू नये, असे आम्हांस वाटते. बायबल हा अनेक ग्रंथांचा संग्रह आहे, आणि त्यातला प्रत्येक साहित्यप्रकार आयुष्य आपापल्या मापाने मोजतो.

पहिले माप वंशावळीचे. ‘उत्पत्ती’च्या पाचव्या अध्यायात आदाम ९३० वर्षे जगतो, यारेद ९६२ आणि मथुशलह ९६९. सुमेरियन राजांच्या प्राचीन यादीत पहिल्या राजाची कारकीर्दच २८,८०० वर्षांची आहे. तिच्याशेजारी हे आकडे संयमीच म्हणावे लागतील. सहस्राचा उंबरठा येथे कोणीच ओलांडत नाही. पण या दीर्घायुष्यात घडते काय? मथुशलहाला पुत्र केव्हा झाला, पुढे तो किती वर्षे जगला आणि केव्हा मेला, एवढेच कळते. हिब्रू पाठातील आकड्यांची बेरीज केली, तर त्याचा मृत्यू जलप्रलयाच्याच वर्षी येतो. त्याविषयीही ग्रंथकार अवाक्षर काढत नाही. उलट ३६५ वर्षांचा हनोख हा या यादीतला सर्वांत अल्पायुषी. पण तो देवाबरोबर चालला आणि देवाने त्याला नेले, एवढी गोष्ट त्याच्या वाट्याला आली आहे.

जलप्रलयानंतर आकडे घसरत जातात. शेम ६००, पेलेग २३९, अब्राहाम १७५, योसेफ ११०. वर्षे आटत जातात तसतशी कथा भरत जाते, हे लक्षात घेण्याजोगे आहे. १३० वर्षांचा याकोब फारोपुढे उभा राहून आपले दिवस थोडे आणि कष्टाचे गेल्याचे सांगतो. हा सूर मथुशलहाच्या नोंदीत कोठून येणार?

मध्यंतरी, सहाव्या अध्यायात, १२० वर्षांचा उल्लेख येतो. काही भाष्यकार ती मानवी आयुष्याची मर्यादा मानतात, तर काही जलप्रलयापूर्वी दिलेली मुदत. पहिला अर्थ घेतला तर अब्राहामाची १७५ वर्षे अडचणीची ठरतात. मोशे मात्र बरोबर १२० वर्षे जगला, आणि तोवर त्याची दृष्टीही मंदावली नव्हती. गंमत अशी की, सत्तर-ऐंशीचा हिशेब सांगणारे नव्वदावे स्तोत्र शीर्षकात याच मोशेच्या नावावर आहे. ते स्तोत्र म्हणजे काही आयुर्मर्यादेचा हुकूम नव्हे; तो विलाप आहे. देवाच्या अनंत काळापुढे आपले दिवस उडून जातात ही त्यातली वेदना, आणि ते दिवस मोजण्याचे शहाणपण मिळावे ही मागणी.

ऐंशी वर्षांचा प्रत्यक्ष माणूस पाहायचा असेल तर ‘दुसरे शमुवेल’ उघडावे. पुत्र अबशालोमाच्या बंडामुळे परागंदा झालेल्या दावीदाला गिलादच्या बर्जिल्लयाने अन्नधान्य पुरवले होते. बंड मोडल्यावर दावीद त्याला यरुशलेमेस बोलावतो. म्हातारा नकार देतो. आपण ऐंशी वर्षांचे. खाल्लेल्याची चव कळत नाही, गाणाऱ्यांचे आवाज ऐकू येत नाहीत, मग राजाला भार कशाला? आपल्या गावात, आईबापांच्या कबरीजवळ मरण यावे, एवढीच त्याची इच्छा.

हा उतारा आम्ही अनेकदा वाचला होता. आमच्या वडिलांना ऐंशी पूर्ण झाली तेव्हा आम्ही त्यांना शहरात राहायला बोलावले. येथे चांगले डॉक्टर आहेत, हा आमचा मुख्य मुद्दा. ते म्हणाले, “जेवणाची चव गेली ती तिथं येऊन परत येणार आहे का? मला इथंच राहू द्या.” सहस्रचंद्रदर्शनाच्या तयारीत गुंतलेल्या घराला ते बोलणे अशुभ वाटले. आम्हांला मात्र त्यात बर्जिल्लय ऐकू आला. त्याचा नकार ही निराशा नव्हती, हे तेव्हा उमगले. आयुष्य वाढवण्याची चिंता आमची होती. उरलेले कोठे घालवायचे, हे त्यांचे ठरले होते. आम्ही आग्रह सोडला.

बर्जिल्लयाची कथा नकारापाशी संपत नाही. आपल्या जागी तो किम्हामला राजाबरोबर धाडतो. दावीद त्याचे चुंबन घेऊन त्याला निरोप देतो, आणि म्हातारा घरी परततो. पुढे सत्तरीला पोचलेला दावीद मृत्युशय्येवर शलमोनाला जी शेवटची कामे सांगतो, त्यांत हिशेब चुकते करण्याच्या कठोर सूचना आहेत. त्यांतच एक वेगळी आज्ञा आहे: बर्जिल्लयाच्या मुलांना आपल्या पंक्तीला जेवू घाल.