लॉकरची किल्ली

माझा सर्वांत आवडता सिनेमा सांगितला तर हसाल. मार्टिन स्कोर्सेसीचा १९९५ सालचा 'कॅसिनो'. जुगार आणि गुंडांचा! मारहाण सुरू झाली की मी डोळे मिटते, एरवी तीन तास जागची हलत नाही.

सप्तव्यसनांत जुगार पहिला का, ते मला इथं उमगलं. लास व्हेगासमध्ये एक जण भरपूर जिंकून घरी निघतो. विमान बिघडल्याचं सांगून त्याला थांबवून घेतात. तो पुन्हा खेळायला बसतो आणि जिंकलेलं तर जातंच, वर पदरचंही जातं.

रॉबर्ट डी नीरोचा सॅम हा कॅसिनो चालवतो. हिशेबाला इतका पक्का, की मफिनमध्ये ब्लूबेरी कमी दिसल्या तरी आचाऱ्याला धारेवर धरतो. पण जिंजर स्वतः सांगते, माझं तुझ्यावर प्रेम नाही. तरी तो तिच्याशी लग्न करतो, दागिन्यांनी मढवतो आणि लॉकरची किल्ली तिच्या हाती देतो. हाही डावच की! तो हरतो. तीही त्या लॉकरपायी वाया जाते.

शॅरन स्टोनची जिंजर दागिने बघून हरखते, तेव्हा मला माझाच चेहरा दिसतो. दरवर्षी दशलक्षणात आकिंचन्याच्या दिवशी मी परिग्रहाची मर्यादा ठरवते. साड्या मोजते, भांडी मोजते. लॉकर मात्र आजवर कधी मोजला नाही.

यंदा किल्ली घेऊन जाणार आहे.